सायकलचे दिवे, आरसा, हेल्मेट आणि एक टेपचं बंडल : आठ महिन्यांनंतर

दसऱ्याच्या आधी, म्हणजे ऑक्टोबर 2024 मध्ये, सायकलसाठी थोडं सामान घेतलं होतं. मागचा लाल दिवा 499, समोरचा पांढरा 1,150, हँडलचा आरसा 180, हेल्मेट 1,399 आणि चमकणारं जाकीट 220. बेरीज 3,448 रुपये. आमच्याकडं गड्याची आठ-नऊ दिवसांची मजुरी झाली ही. घरात कोणाला आकडा सांगितला नव्हता, पण पार्सलवर छापलेला असतो.

कंपन्यांची नावं लिहीत नाही. एकाच्या वस्तूनं दगा दिला, पण तो माझ्याच नगाचा दोष असू शकतो.

आधी वापर कसा आहे ते सांगतो, नाहीतर मत फुकट. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, वजनकाट्यावर असतो. गाव ते जिनिंग 9 किलोमीटर. पहिले 5 गावरस्ता, पुढचे 4 राष्ट्रीय महामार्ग 361, तोच यवतमाळहून येऊन उमरखेडकडं जाणारा. सकाळी उजेडात जातो. कापसाच्या हंगामात परतायला रात्रीचे साडेआठ-नऊ होतात. सायकल साधी, चोवीस वर्षांची, गिअर नाही. मोटारसायकल घरी आहे, ती पोरगा कॉलेजात नेतो.

मागचा लाल दिवा. सगळ्यात स्वस्त वस्तूंतली एक आणि सगळ्यात कामाची. पहिल्या रात्रीच फरक कळला. आधी ट्रक अगदी मागं येऊन हॉर्न दाबायचे, आता दुरूनच बाजू सोडतात. आरशात पाहतो म्हणून सांगतो, अंदाजानं नाही. डब्यावर 20 तास लिहिलं होतं, लुकलुकत ठेवला तर मला 12-13 मिळाले, आता 9 वर आलाय. म्हणजे चार्जिंग आता लवकर लागतं. मोबाईलच्याच चार्जरवर होतो, पण चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच फेब्रुवारीत तुटलं. मे महिन्यात अवकाळीनं झोडपलं तेव्हा आत पाणी गेलं आणि दिवा दोन दिवस आपल्या मनानं लागायचा, विझायचा. तांदळाच्या डब्यात ठेवला, सुधारला. सध्या त्यावर पॉलिथिन आणि रबर बँड आहे. दिसायला गबाळं, पण चालू आहे.

लुकलुकता ठेवायचा की स्थिर, यावर माझं मत मधेच बदललं. लुकलुकता दिवा लांबून लवकर नजरेत येतो हे खरं. पण आमच्या इथल्या एका ट्रक डायव्हरनं काट्यावर सांगितलं, ‘दिसतो तर खरं बावा, पन किती लांब हाये ते समजत नाही.’ जर्मनीत सायकलच्या दिव्यानं लुकलुकायलाच बंदी आहे, हे त्यानंतर वाचलं. आता गावरस्त्यावर लुकलुकता, हायवेला लागलो की स्थिर. शिवाय वाटेतल्या तांड्यावरची कुत्री लुकलुकत्या दिव्यामागं लागायची, स्थिर केल्यापासून तेवढी लागत नाहीत. कारण विचारू नका.

समोरचा दिवा चांगला आहे, पण गरजेपेक्षा जास्त. उजेड गोल पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. मी स्वतः गाड्यांच्या अप्परच्या, म्हणजे डोळ्यावर येणाऱ्या उजेडाच्या नावानं बोटं मोडतो आणि माझाच दिवा समोरून येणाऱ्या म्हाताऱ्याला आंधळा करतो, हे पहिल्याच आठवड्यात एका काकाजींनी सुनावलं. खाली वाकवून बांधला. रोही (नीलगाय) आडवा येतो तेव्हा मात्र त्याची किंमत वसूल होते. डिसेंबरात, तूर उभी होती तेव्हा, धुऱ्यावरून (बांधावरून) अख्खं खांडच, म्हणजे कळपच, रस्त्यावर उतरलं. डोळे चमकले म्हणून थांबलो.

बाबांच्या सायकलला डायनामो होता. चाकाला घासायचा, पायडल जड व्हायचं, थांबलं की दिवा गुल. पण त्या काळी रात्री बिनदिव्याची सायकल शहरात पोलीस अडवायचा, आणि सायकलला पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागायचा, कर भरून. बाबांचा बिल्ला अजून खिळ्याला टांगलेला आहे. बिल्ला गेला, कर गेला, बरं झालं. पण कागदावरून सायकलही गेली. आता गावात गाड्या किती याचा हिशेब कुठंतरी असेल, सायकलींची नोंदणीच नाही. आणि जिची नोंदच नाही तिच्यासाठी रस्ता कोण बांधेल?

आता आरसा. 180 रुपयांत माझं सायकल चालवणं यानं बदललं. पण दर पंधरा दिवसांनी ढिला होतो, आणि गावरस्त्यावर थरथरून चित्र असं हलतं की मागं ट्रक आहे की बंडी (बैलगाडी) ते कळत नाही. स्क्रूखाली ट्यूबचा तुकडा घातल्यावर बरा आहे.

हेल्मेटवर भांडण होईल, होऊ द्या. मी घालतो. आमची मंडळी, म्हणजे बायको, विचारते, ‘अहो, डोक्यावर आहे ना?’ म्हणून घालतो. कायद्यानं सक्ती मोटारसायकलला आहे, सायकलला नाही, आणि नसावी असंच माझं मत आहे. सायकलवाला मेला की पहिला प्रश्न ‘हेल्मेट होतं का?’ हाच येतो. साइडपट्टी होती का, हे कोणी विचारत नाही.

साइडपट्टी म्हणजे डांबराच्या कडेचा मुरुमाचा पट्टा. आमच्या गावरस्त्यावर दोन वर्षांपूर्वी नवा थर टाकला. रस्ता उंच झाला, पट्टी तिथंच राहिली. आता डांबराच्या कडेला सरळ वीतभर खड्डा आहे, पाच किलोमीटर लांब. चारचाकी आली की सायकलवाल्यानं खाली उतरावं असा इकडचा रिवाज. उतरायचं म्हणजे वीतभर पडायचं. संक्रांतीच्या दोन दिवस आधी समोरून एक गाडी अप्परवर आली, मला कड दिसलीच नाही, पुढचं चाक खाली गेलं आणि मी तुरीच्या काटक्यांत. मनगट महिनाभर दुखलं. हेल्मेटवर एक ओरखडा आहे, म्हणजे ते काही फुकट गेलं नाही, हे मान्य. गाडी थांबली नाही. माझा लाल दिवा मागं शांत जळत होता. समोरच्याला त्याचा काय उपयोग?

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. 20 तारखेला मतदान. त्याआधीचे पंधरा दिवस प्रचाराच्या गाड्या याच रस्त्यानं, भोंगे लावून. गावात एका उमेदवाराची मंडळी आली तेव्हा मी उठून साइडपट्टीचं विचारलं. सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, ‘होऊन जाईल भाऊ, टेन्शन नोको घेऊ.’ दुसऱ्या पक्षाचे आले, त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, हा रस्ता जिल्हा परिषदेकडं येतो. बरोबर बोलले. पण जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली, तेव्हापासून प्रशासक. माझ्या सर्कलचा (जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचा) सदस्य कोण, तर जून 2025 पर्यंत तरी कोणीच नाही. तीन वर्षं मी साइडपट्टी मागू कोणाला? 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हटलं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

सभेत कोणी म्हणालं, अपघात तर होतच राहतात. होतात. 2022 या एका सालात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, सरकारनंच छापलेला आकडा आहे. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम 198अ आलं : रस्ता नियमाप्रमाणं न बांधल्यानं माणूस मेला किंवा अपंग झाला तर ठेकेदार आणि यंत्रणेला 1 लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीतला हेल्मेटचा हजार रुपये दंड गावातल्या पोरापोराला पाठ आहे. हे कलम मात्र काट्यावर येणाऱ्या एकानंही ऐकलेलं नव्हतं.

हायवेचं दुखणं वेगळं. चौपदरी झाला, गुळगुळीत आहे, साइडपट्टीही चांगली. पण जिनिंग पलीकडच्या अंगाला आणि दुभाजकाचा कट दीड किलोमीटर पुढं. मग आम्ही सगळेच उलट्या बाजूनं येतो. मीही येतो, इथं साळसूदपणा करत नाही. तिथं मागचा लाल दिवा बिनकामाचा, समोरून येणाऱ्याला तो दिसतच नाही. समोरचा पांढरा लावणं तिथं अत्यावश्यक.

आणि कापसाच्या रांगा. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता आणि बाहेरचा बाजार बरेच दिवस त्याच्या खाली. साहजिकच सगळा माल हमीभावाच्या खरेदीकडं वळला, आणि ती खरेदी जिनिंगवरच होते. जानेवारीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटातून हायवेच्या कडेपर्यंत आलेली, रात्रभर उभी. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, कापसाची चुंगडी (पोती) बाहेर आलेली. साइडपट्टी रांगेनं भरली की सायकलवाला थेट डांबरावर. भाव दिल्लीत ठरतो आणि माझी सायकल ट्रकपुढं येते ती इथं. बाजारात भाव नीट मिळाला असता तर निम्म्या ट्रॉल्या तिथं नसत्या.

त्या रांगेनंच एक उद्योग सुचवला. लाल चमकपट्टीचं एक बंडल आणलं, गाडीचा उजेड पडला की तो उजेड परत गाडीकडंच फेकणारी टेप. काट्यावर येणाऱ्या बंडीला, ट्रॉलीला मागून हातभर चिकटवायची. पहिल्यांदा लोक हसले, ‘काय ॲम्ब्युलन्स बनवून राहिला का बंडीची?’ नंतर मागून घेऊ लागले. एका म्हाताऱ्यानं बैलाच्या शिंगांनाही लावून घेतली. चार्जिंग नाही, बूच नाही, पाणी गेलं तरी चालते. एकच अट, आधी लाकूड फडक्यानं पुसावं लागतं, नाहीतर तिसऱ्या दिवशी निघते. या यादीत एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या, दिव्याच्याही आधी.

जाकिटाबद्दल काही नाही. उन्हाळ्यात घालवत नाही, पट्ट्या धुण्यानं गेल्या.

मोबाईलचं एक सांगतो. रात्री निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन घरी पाठवतो. नाल्याजवळ नेटवर्क जातं, ठिपका तिथंच अडकतो आणि घरी जीव टांगणीला. पडलो त्या रात्री मी नाल्याच्या पुढं होतो म्हणून ठिपका हलला नाही ते मंडळींना दिसलं, आणि पोरगा मोटारसायकल घेऊन निघाला. 108 लावायची वेळ आली नाही.

आता मृग लागलंय, जिनिंग बंद, रात्रीची ये-जा दसऱ्यानंतरच. मागचा दिवा पुतणीच्या सायकलला लावलाय. तिला मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी 5 हजार मिळाले होते, नववीत असताना. सायकल बरी आहे, दिव्याची सोय त्यात कुठंच नव्हती. शिकवणीहून यायला तिला पावसाळ्यात अंधार पडतो. काल विचारलं, स्थिर ठेवतेस का? म्हणे, ‘नाही काका, लुकलुकता. मैत्रिणींनाही पाह्यजे, तुमच्याजवळ अजून आहेत का?’ तीन मागवले आहेत. या वेळी बूच तपासून घेईन.