प्रोसेसरच्या नावात ‘0000’ : बेळगावात सर्व्हर घेताना झालेली फसवणूक

उद्यमबागेतल्या फाउंड्रींना मी कास्टिंगचं सिम्युलेशन करून देतो. साच्यात रस कुठे आधी थिजतो, कुठे पोकळी राहते, हे ओतकाम करण्याआधी संगणकावर बघायचं. त्यासाठी शहापुरातल्या घराच्या माडीवर चार जुने सर्व्हर एकत्र जोडून केलेला क्लस्टर आहे. त्यातला एकेक सर्व्हर म्हणजे नोड. प्रत्येक नोडमध्ये इंटेल झिऑन ई5-2680 व्ही4 जातीचे दोन प्रोसेसर, म्हणजे 28 कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष गणित करणारे भाग). काम वाढलं म्हणून तसलेच आणखी चार नोड घेतले आणि 2,46,000 रुपयांना फसलो. आपल्या भागात असे जुने सर्व्हर घेणारे बरेच जण आहेत, म्हणून सगळं सांगतो.

विकणारा पुण्याचा. फोनवर म्हणाला, “साहेब, तुम्ही बेळगावचे, सीमाभागातली आपली माणसं. तुम्हाला खोटं देऊन मी तोंड कुठं दाखवू?” या एका वाक्यानं मी विरघळलो. पलीकडचा कुणी असं बोलला की आपल्याला भरून येतं, आणि ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

त्यानं चारही मशीन चालू करून दाखवल्याचे चार व्हिडिओ पाठवले. स्क्रीनवर प्रोसेसरचं नाव, रॅम, सगळं बरोबर. फसल्यावर ते व्हिडिओ भाच्यानं थांबवून थांबवून पाहिले. मशीन सुरू होताना वर कोपऱ्यात सिरियल नंबर येतो. चारही व्हिडिओंत तो एकच होता! एकच चांगलं मशीन चार वेळा दाखवलं होतं. पैसे देण्याआधी ते मी एकदा जरी नीट पाहिले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

बिलाचंही तसंच. पन्नास हजारांच्या वरचा माल असला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठीचं ऑनलाइन कागदपत्र, लागतं. “ती कटकट नको, आपली गाडी रोज कोगनोळीवरून जाते,” म्हणत त्यानं प्रत्येकी 41,000 ची सहा बिलं केली. सगळ्यांवर नुसतं ‘कॉम्प्युटर पार्ट्स’. प्रोसेसरचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. एक लाख आधी दिले होते, उरलेले गाडी दारात आल्यावर दिले. खोकी फोडायच्या आधी!

नोड जोडले. क्लस्टरमध्ये कामं वाटून देणाऱ्या स्लर्म या प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये प्रत्येक नोडचे कोअर आणि रॅम लिहावी लागते, आणि नोडनं कमी दाखवलं तर स्लर्म त्याला कामाला घेत नाही. इथे 28 कोअर भरले, 128 जीबी रॅम भरली, तक्रार नाही. स्लर्म आकडे मोजतो, प्रोसेसर खरा की कसला हे तो बघत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

एका पंपाच्या केसिंगचं काम चार नोडांवर अकरा तास घ्यायचं. आठ नोडांवर सहा-सात तासांत व्हावं, तर लागले साडेदहा. नेटवर्क केबल बदलल्या, स्विच बदलला, दोन रात्री गेल्या. अशा कामात प्रत्येक टप्प्याला सगळे नोड एकमेकांसाठी थांबतात, त्यामुळे सगळ्यात संथ नोड बाकीच्यांना मागे ओढतो. शेवटी भाच्यानं नव्या नोडवर ‘एलएससीपीयू’ ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड दिली. झिऑनचं नाव यायला हवं तिथे आलं, ‘जेन्युइन इंटेल सीपीयू 0000 @ 2.00 गीगाहर्ट्झ’. खऱ्याचा वेग 2.40 असतो. ‘स्टेपिंग’, म्हणजे चिपची आवृत्ती, या ओळीत जुन्या नोडवर 1 होता, नव्यावर 0.

हे इंजिनिअरिंग सॅम्पल. प्रोसेसर बाजारात येण्याआधी इंटेल ते मदरबोर्ड आणि सर्व्हर बनवणाऱ्यांना चाचणीसाठी देते. मालकी इंटेलचीच राहते, ते विकायचे नसतात, त्यांना वॉरंटी नसते.

व्यापाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “बायोस जुना आहे साहेब, म्हणून नाव वाचता येत नाही. नवा टाका, दिसेल.” बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. मी एका नोडवर नवा टाकला. नोड परत उठलाच नाही. सॅम्पलला लागणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) नव्या बायोसमध्ये नसला की ते मशीन चालू होत नाही. पुन्हा फोन केला तर, “तुम्ही बायोसला हात लावलात, आता आमची जबाबदारी नाही.” त्या दिवसानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही. माझी कळकळीची विनंती आहे, नोडवर शंका असेल तर विकणाऱ्याच्या सांगण्यावरून बायोस बदलू नका. आला तसा नोड हाच पुरावा आहे, आणि तुमच्याच हातून तो नासतो.

प्रोसेसरवरचा थंड ठेवणारा हीटसिंक काढून त्याखालची पेस्ट पुसली. विक्रीच्या चिपवर ‘एसआर’नं सुरू होणारा कोड असतो. यांच्यावर ‘क्यू’नं सुरू होणारा होता आणि खाली ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ कोरलेलं. आठही चिपांवर तेच.

रॅम खरी होती, पण तिथेही कपट. या प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनेल, म्हणजे डेटा ये-जा करायचे रस्ते, असतात. प्रत्येकात 2400 वेगाची एकेक पट्टी असेल तर सेकंदाला 76.8 जीबी इतका डेटा जातो. यानं प्रत्येक प्रोसेसरला 32 जीबीच्या दोनच पट्ट्या लावल्या होत्या, म्हणजे बेरीज 128 ची आणि रस्ता निम्मा. आमच्या कामाचं पोट मेमरीच्या वेगावर चालतं. ‘डीएमआयडीकोड’ कमांडनं कोणत्या खाचेत काय आहे ते दोन मिनिटांत कळतं.

मग सीएंनी बिलं पाहिली. त्याचा जीएसटी नंबर 27 नं सुरू होणारा, महाराष्ट्राचा. आमचा 29, कर्नाटकाचा. राज्याबाहेरून आलेल्या मालावर आयजीएसटी लागतो, यानं राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी आणि एसजीएसटी लावला होता. वर आमच्या जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेली बिलं दिसणाऱ्या यादीत, सहापैकी एकही बिल आलेलं नाही, त्यामुळे कराची वजावटही गेली. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे दोन आकडे बिल हातात पडताच दिसायला हवेत.

पोलिसांकडे अर्ज दिला, मित्रानं तो कन्नडमध्ये लिहून दिला. हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा, असं सांगितलं गेलं. बिलांवर प्रोसेसरचं नावच नाही, तर खोटा दिला हे दाखवू कशावरून? 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी तीन आठवड्यांनी फोन केला. तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यातले पैसे अडवता येण्याची शक्यता राहते.

तीन नोडांसाठी सहा खरे प्रोसेसर दुसरीकडून घेतले, तेही इथे टेबलावर लावून, कमांड चालवून, मग पैसे देऊन. रॅम आठ-आठ पट्ट्यांची केली. तेच केसिंग आता सात नोडांवर पावणेसात तासांत होतं. बंद पडलेला आठवा नोड आणि ‘क्यू’ कोडाच्या चिपा मी तशाच ठेवल्यात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलेही असा, जुना सर्व्हर घेणार असाल तर उरलेले पैसे देण्याआधी तो माझ्या माडीवर आणा. मॉनिटर, कीबोर्ड, पेस्ट सगळं आहे, अर्ध्या तासात बघून देतो.