चरकाचे नवे गिअर आणि बोल्ट : सात महिन्यांच्या गाळपानंतर

दसऱ्याला नारळ फोडला आणि अक्षय तृतीयेच्या आधल्या आठवड्यात रसाचं शेवटचं आधण उतरवलं. मधले सात महिने चरक, म्हणजे उसाचा रस काढायचं यंत्र, रोज दहा-बारा तास फिरला. सप्टेंबरात त्याच्यावर बराच पैसा घातला होता. तो कुठं वसूल झाला आणि कुठं पाण्यात गेला, ते लिहितोय. गुऱ्हाळ कराड तालुक्यात, मसूरच्या बाजूला. चरक आडवा, तीन रोलरचा, मोटर २० एचपीची. आजोबांचा बैलावर चालणारा किर्लोस्करवाडीचा लोखंडी चरक अजून विहिरीपाशी पडलाय, त्यावर कोंबड्या बसतात.

आधी एक हिशेब, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिच्या शाफ्टला साधारण १०० न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर) असतो. पट्टा आणि गिअरच्या दोन जोड्या ओलांडून रोलर मिनिटाला १० फेऱ्यांवर येतो, तेव्हा तोच पीळ १४ हजारांवर जातो. घर्षणात थोडा जातो तो सोडा. मीटरभर लांबीच्या टॉमीच्या (फिरवायच्या दांड्याच्या) टोकाला दीड टन वजन टांगल्यासारखं झालं हे. मोटरपाशी चालणारा अंदाज रोलरपाशी चालत नाही तो यामुळं.

गिअरची जुनी शेवटची, रोलरकडची जोडी १८ आणि १०८ दातांची, बिडाची. दात झिजून टोकाला सुरीसारखे झालेले. कागदपत्र नव्हतंच. पिनियनचा, म्हणजे जोडीतल्या लहान गिअरचा, बाहेरचा व्यास मोजला, २४० मिलिमीटर भरला. दातांत दोन मिळवून भागलं, २४० भागिले २०, म्हणजे १२ मॉड्यूल (दाताच्या आकाराचं मिलिमीटरमधलं माप). इथं एक सांगून ठेवतो : जुन्या विलायती मापाच्या यंत्रात हाच व्यास २५४ भरला, तर तो मॉड्यूल नसून इंची हिशेबातला डीपी २, म्हणजे व्यासाच्या दर इंचाला दोन दात, असतो. दिसायला सारखेच, पण एकमेकांत कधीच नीट बसत नाहीत.

१८ आणि १०८ म्हणजे बरोबर सहापट. हिशेबाला सोपं, झिजेला वाईट. पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर मोठ्या गिअरच्या त्याच सहा दातांना भेटत राहतो. एक दात खराब असला की तो आपल्या सहा गिऱ्हाइकांनाच खात बसतो. म्हणून नवी जोडी १९ आणि १०७ ची केली. बेरीज तीच १२६, त्यामुळं दोन शाफ्टमधलं अंतर ७५६ मिलिमीटरच राहिलं आणि बेडला हात लावावा लागला नाही. आता पिनियनचा प्रत्येक दात सगळ्या १०७ दातांना पाळीपाळीनं भेटतो. रोलर थोडा जोरात फिरायला लागला, तेवढं चालतं. सात महिन्यांनी दातांवरची चमक सगळीकडं एकसारखी आहे. या एका बदलाला जास्तीचा रुपया लागला नाही आणि हंगामातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच ठरलं.

पिनियनच्या धातूत मात्र मी वाहवलो. ईएन २४ घेतलं. निकेल, क्रोम, मॉलिब्डेनमचं पोलाद, नाव ऐकूनच छाती फुगते. नंतर दातावर येणारा ताण मांडून बघितला, तर ईएन ८ नं, म्हणजे साध्या कार्बन पोलादानं, तो हसत पेलला असता. उघड्या गिअरमध्ये दात तुटत नाही, घासला जातो. उसाबरोबर माती येते, चिपाडाचा भुसा उडतो, त्यात ग्रीस मिसळलं की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काहीतरी तयार होतं. त्याच्यापुढं टिकायला वरचा थर कडक लागतो, आतलं निकेल नाही. पुढच्या वेळी ईएन ८ घेणार, दात इंडक्शननं (विजेनं वरचा थर तापवून) कडक करून. वाचलेल्या पैशात चांगलं पत्र्याचं झाकण. ते झाकण मी जानेवारीत बसवलं, ते पहिल्या दिवशीच बसायला हवं होतं.

शाफ्टही ईएन २४ चा केला होता, आणि तिथं तर निव्वळ गैरसमज. पिनियन शाफ्टच्या टोकाला, बेअरिंगच्या बाहेर लोंबता आहे. पहिल्या महिन्यात दातांना निळा रंग लावून फिरवलं, तर ठसा दाताच्या आतल्या कडेलाच उमटला, बाहेरचा अर्धा दात कोरा. म्हणजे जोर आला की शाफ्ट वाकतोय. मला वाटलं होतं भारी पोलाद कमी वाकेल. पण वाकायच्या बाबतीत सगळी पोलादं जवळपास सारखीच, साधं एमएस (माइल्ड स्टील) असो की ईएन २४. भारी पोलाद जास्त ताणापर्यंत कायमचं वाकडं होत नाही, एवढाच फरक. कराडच्या मिस्त्रीनं उपाय काढला : बेअरिंगचा ब्रॅकेट पिनियनकडं सरकवला. पिनियनच्या मध्यापासून बेअरिंग १८० मिलिमीटरवर होतं, ते १२० वर आलं. लोंबत्या भागाचा वाक लांबीच्या घनानं बदलतो, त्यामुळं तो तिसऱ्या हिश्श्याच्याही आत आला. दुसऱ्यांदा निळा लावला तेव्हा ठसा जवळजवळ पूर्ण दातभर. भोकं पाडायची मजुरी तेवढी गेली.

आता बोल्ट, आणि माझी फजिती.

मोठा गिअर आणि रोलर यांच्यामध्ये फ्लँजची कपलिंग आहे, म्हणजे दोन तबकड्या बोल्टांनी जोडलेल्या, चार एम १६ (१६ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टांची. जुने बोल्ट साधे, डोक्यावर ४.६ लिहिलेले. वर्षातून दोनतीनदा तुटायचे, म्हणून मी वैतागून चारही १०.९ चे घातले. या आकड्यांचा अर्थ सोपा आहे : पहिला आकडा गुणिले शंभर म्हणजे तुटायची ताकद मेगापास्कलमध्ये, आणि पॉइंटच्या पुढचा आकडा सांगतो की त्याच्या किती दशांशावर बोल्ट कायमचा ताणला जातो. ४.६ चे चार बोल्ट नेहमीच्या पिळाच्या दीड-दोन पटीला तुटायचे. १०.९ चे चौपटीपर्यंत तुटत नाहीत. मी खूश.

फेब्रुवारीत एका मोळीत कोयता राहिला. उसाबरोबर तो रोलरमध्ये गेला, कडाड् असा आवाज झाला, पट्टा किंचाळला आणि जळका वास सुटला. बोल्ट चारही शाबूत. वरच्या रोलरच्या बिडाच्या गिअरचे दोन दात खाली पडलेले. आमचे गुळवे (गूळ शिजवणारे कारागीर) शांतपणे म्हणाले, “मालक, बोल्ट लई भारी आणला तुम्ही. चरक मोडला, पण बोल्ट मोडला न्हाई.”

बोल्ट तुटला असता तर चहा होईपर्यंत नवा बसला असता. आता शिरोलीच्या फौंड्रीतून ओतीव येऊन दात पाडून होईपर्यंत तीन दिवस गेले. तोडलेला ऊस अंगणात वाळत पडला. शिळ्या उसातली साखर फुटते, मग गूळ धरत नाही. त्या तीन दिवसांनंतरच्या ढेपा बोटानं दाबल्या तरी खचत होत्या, बाजारात काय दर मिळाला ते विचारू नका.

त्या वेळी लेथवाल्यानं तयार स्टँडर्ड दातांचा गिअर सुचवला होता. घेऊ नका. ऊस कमी-जास्त भरला की वरचा रोलर उचलतो, दोन रोलरमधलं अंतर बदलतं, म्हणून या गिअरचे दात मुद्दाम लांब ठेवलेले असतात. आखूड दाताचा गिअर रोलर उचलला की सुटायला येतो. कपलिंगला आता परत ४.६ आहेत. मोटर बंद करून स्विच काढून घेतल्याशिवाय तिथं हात घालायचा नाही, हा नियम गड्यांना आणि मलाही.

बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट ही वेगळी जात. ते तुटता कामा नयेत, ढिलेही होता कामा नयेत. तिथं ८.८ घातले, आणि स्प्रिंग वायसर काढून टाकले. १९६९ मध्ये युंकर या जर्मन इंजिनिअरनं दाखवून दिलं होतं, की जोड आडवा सरकत राहिला तर चाकी (नट) आपोआप उलटी फिरते. स्प्रिंग वायसर बोल्टच्या खऱ्या ताणाच्या कितीतरी आधीच सपाट होतो, मग तो नुसता वायसर. खरी पकड ताणातून येते. एम १६ ला थोडं तेल लावून १८० न्यूटन-मीटर कसला, की सुमारे सात टनांची पकड मिळते. मात्र चाकीखालचा रंग खरवडा. ऑइलपेंटचे तीन थर दबत जातात आणि पकड त्यांच्याबरोबर जाते. पहिल्या दिवसाच्या गाळपानंतर परत कसून प्रत्येक चाकीवर पिवळा पट्टा ओढला. बारापैकी एकाच चाकीचा पट्टा सरकला, आणि तिच्याखाली रंग राहिला होता.

रसाच्या बाजूचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या) गनमेटलचे होते. त्यात बऱ्याचदा शिसं असतं, म्हणून खायच्या वस्तूजवळ नको वाटलं आणि फॉस्फर ब्राँझचे केले. निर्णय बरोबर, तयारी अर्धवट. गनमेटल मऊ, वाळूचा कण पोटात घेतं. फॉस्फर ब्राँझ कडक, ते कण शाफ्टवर ओढत राहतं. शाफ्ट तिथं कडक केलेला नव्हता. आता नख फिरवलं की तीन रेघा लागतात. सील लावले असते तर इतकं झालं नसतं.

रसाच्या ट्रेला स्टेनलेस स्टीलचे, ३०४ जातीचे बोल्ट घातले. रस आंबट असतो, तिथं साधा बोल्ट टिकत नाही. गंजले नाहीत, पण दोन चाक्या कसताना आट्यातच जाम झाल्या आणि ग्राइंडरनं कापाव्या लागल्या. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि जोरात फिरवलं की आटे एकमेकांना चिकटतात. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवून, फूडग्रेड ग्रीस लावून हातानं सावकाश कसल्यावर एकही अडकली नाही.

पावसाळ्याच्या आत शाफ्ट ग्राइंडिंगला पाठवतोय, बुशच्या जागी कडक करून घेणार. १०.९ चे चार बोल्ट धुऊन डब्यात ठेवलेत. गुळवे म्हणतात, ते देव्हाऱ्यात ठेवा.