पवित्र शास्त्रातील ‘हात ठेवणे’ : एका ऑनलाइन अभ्यासवर्गाचे परीक्षण

एका स्थानिक मंडळीने (चर्चने) पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, ‘हात ठेवणे’ या एकाच विषयावर झूमवरून सहा सत्रांचा मराठी अभ्यासवर्ग घेतला. शिकवणारे निवृत्त पाळक होते आणि शुल्क ऐच्छिक दानाच्या स्वरूपात होते. वर्गाची पुढची तुकडी सुरू होणार असल्याने, नाव नोंदवू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. वर्ग करण्यासारखा आहे, हे आधीच सांगतो. मात्र त्याची सहाही सत्रे सारख्या योग्यतेची नाहीत.

आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्यांनी मस्तकावर हात ठेवला की तो आशीर्वाद असतो, आणि प्रार्थनासभेत पाळकांनी हात ठेवला की त्यातून काहीतरी ‘उतरते’ असे आपण गृहीत धरतो. हात म्हणजे सामर्थ्य पलीकडे पोहोचवणारी वाहिनी, ही समजूत इतकी रुजलेली आहे की शास्त्रात तो शब्दप्रयोग जिथे जिथे येतो तिथे आपण तोच अर्थ वाचतो. या वर्गाचे सर्वांत मोठे श्रेय हे, की त्याने ही समजूत एका फटक्यात खोडून न काढता एकेक उतारा समोर ठेवून ती तपासायला लावली.

जुन्या कराराची पहिली दोन सत्रे उत्कृष्ट होती. लेवीय या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात होमार्पण (वेदीवर पूर्ण जाळायचे अर्पण) आणणाऱ्याने पशूच्या डोक्यावर आपला हात ठेवावा असे सांगितले आहे, आणि सोळाव्या अध्यायात मुख्य याजक अहरोन जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून इस्राएलाची सर्व पापे कबूल करतो व ती त्या बकऱ्याच्या डोक्यावर घालून त्याला रानात पाठवतो. हे दोन्ही प्रसंग एकाच माळेत ओवून ‘पापाचे हस्तांतरण’ असा अर्थ सांगण्याची प्रथा आहे. शिक्षकांनी तो अर्थ केवळ बकऱ्यापुरता ठेवला. होमार्पणात एक हात आहे, कबुलीचा उल्लेख नाही, आणि त्याच अध्यायात होला किंवा पारव्याची पिल्ले अर्पण करणाऱ्याला हात ठेवण्याची आज्ञाच नाही, बहुधा पक्षी त्याने स्वतःच्या हातातच आणलेला असतो म्हणून. म्हणजे तिथे हाताचा अर्थ ‘हे अर्पण माझे आहे, ते माझ्या वतीने स्वीकारले जावे’ असा होतो. शिवाय पापार्पणाचे मांस परमपवित्र मानून याजकांनी ते खावे असा नियम सहाव्या अध्यायात आहे. पाप खरोखरच त्या पशूत शिरले असते तर ते मांस पवित्र कसे राहिले असते?

युक्तिवाद मला पटला, पण तो मांडताना एक अडचण गाळली गेली. बकऱ्याला रानात नेऊन सोडणाऱ्या माणसाला छावणीत परतण्यापूर्वी कपडे धुऊन स्नान करावे लागते, कारण तो पाप वाहणाऱ्या पशूबरोबर गेला होता, असे शिक्षक म्हणाले. परंतु दोनच वचने पुढे, पापार्पणाच्या गोऱ्ह्याचे व दुसऱ्या बकऱ्याचे अवशेष छावणीबाहेर जाळणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे, म्हणजे पाप केवळ सोडलेल्या बकऱ्यावरच होते याला हा नियम पुरावा ठरत नाही. हे वचन वर्गापुढे ठेवले असते तर मांडणी थोडी गुंतागुंतीची झाली असती, पण अधिक प्रामाणिकही झाली असती.

वर्गाचा उत्कर्षबिंदू मोशेचा उत्तराधिकारी यहोशवा याच्यावरील सत्र होते. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की यहोशवाच्या ठायी आत्मा आहे, त्याच्यावर तू आपला हात ठेव. अनुवादच्या चौतिसाव्या अध्यायात मात्र, मोशेने हात ठेवले होते म्हणून यहोशवा ज्ञानाच्या आत्म्याने परिपूर्ण झाला, असे वाचायला मिळते. एका ठिकाणी आत्मा आधीच आहे म्हणून हात ठेवला जातो आणि दुसऱ्या ठिकाणी हात ठेवल्यामुळे आत्म्याची परिपूर्णता येते. शिक्षकांनी दोन्ही वचने पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांची घाईने जुळवाजुळव केली नाही. गणनातील प्रसंग याजक एलाजार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर घडतो, आणि मोशेने आपल्या अधिकाराचा काही भाग यहोशवाला द्यावा तो लोकांनी त्याचे ऐकावे म्हणून, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यावरून हा विधी जितका यहोशवासाठी आहे तितकाच पाहणाऱ्या लोकांसाठीही आहे, हे स्पष्ट होते. नंतरच्या काळातील दीक्षाविधी (मंडळीचे सेवक नेमण्याचा विधी) समजण्यासाठी याहून चांगला पाया मला माहीत नाही.

योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देताना याकोबाने हात अदलाबदल करून उजवा हात धाकट्या एफ्राइमावर ठेवला आणि योसेफाने तो हलवण्याचा प्रयत्न केला, तो प्रसंग काही मिनिटांतच आटोपला. तेवढाही पुरेसा होता.

शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांच्या, सत्राने मात्र निराशा केली. आरोग्यदानाच्या प्रसंगांची यादी वाचून दाखवण्यापलीकडे त्यात फारसे काही नव्हते, आणि नेमक्या विचारप्रवर्तक जागा सुटून गेल्या. बेथसैदाच्या आंधळ्यावर येशूने हात ठेवल्यावर त्याला माणसे झाडांसारखी चालताना दिसतात आणि हात पुन्हा ठेवावे लागतात. याईर आपल्या मुलीसाठी ‘येऊन हात ठेवा’ अशी विनंती करतो, पण येशू मुलीचा हात धरून तिला उठवतो. शतपतीच्या (रोमी सैन्याधिकाऱ्याच्या) चाकराला तर केवळ शब्दाने बरे वाटते. हात हे साधन अनिवार्य असते तर हे वैविध्य दिसले नसते, आणि वर्गाची मूळ भूमिका याच उताऱ्यांतून सर्वांत सहज सिद्ध झाली असती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मार्कच्या शेवटच्या अध्यायातील, विश्वास ठेवणारे आजाऱ्यांवर हात ठेवतील व ते बरे होतील, हे वचन कोणत्याही टिपेविना वापरले गेले. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशीच संपते. यामुळे ते वचन टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. पण ज्या वचनावर आज आरोग्यसभांची एवढी उभारणी केली जाते, त्याविषयीची ही माहिती विद्यार्थ्यांना मिळायलाच हवी.

प्रेषितांची कृत्ये या, आरंभीच्या मंडळीची हकीकत सांगणाऱ्या, पुस्तकाकडे वळल्यावर वर्ग पुन्हा सावरला. शमरोनात लोकांचा बाप्तिस्मा आधी होतो आणि पेत्र व योहान येऊन हात ठेवतात तेव्हा त्यांना पवित्र आत्मा मिळतो. दिमिष्कात शौलावर (पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्यावर) हात ठेवणारा हनन्या प्रेषित नसून साधा शिष्य आहे, आणि तिथे बाप्तिस्मा नंतर होतो. कर्नेल्याच्या घरी पेत्र बोलत असतानाच, कोणीही हात न ठेवता आणि बाप्तिस्म्याच्याही आधी, आत्मा उतरतो. इफिसात बाप्तिस्मा, हात ठेवणे आणि आत्म्याचे येणे असा क्रम आहे. या चार घटना तक्त्यात मांडून शिक्षकांनी एवढेच विचारले की यातला कोणता क्रम नियम मानायचा. वर्गात बराच वेळ शांतता होती. याच सत्रात जादूगार शिमोनाचा प्रसंग आला. प्रेषितांनी हात ठेवल्याने आत्मा मिळतो हे त्याने पाहिले आणि तो अधिकार पैसे देऊन विकत मागितला. हाताला वाहिनी मानणारी समजूत तिच्या टोकाला नेली तर काय होते, याचे याहून नेमके उदाहरण शास्त्रात नसेल. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवले तेव्हा दोघेही आधीपासून सेवेत होते, त्यामुळे तिथे नवे पद न देता एका कामासाठी त्यांना पाठवले गेले, आणि काम संपवून त्यांनी त्याच मंडळीला परत येऊन वृत्तांत दिला, हा मुद्दाही सुरेख मांडला गेला.

पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांवरील शेवटच्या सत्रात, एका पत्रात वडीलवर्गाचे (मंडळीच्या वडिलांचे) हात आणि दुसऱ्यात पौलाचे हात असा उल्लेख का येतो याची चर्चा झाली. कोणावर हात ठेवण्याची घाई करू नये, ही पौलाची सूचना हात ठेवणाऱ्यावरच जबाबदारी टाकते, हे विवेचन आमच्या मंडळ्यांच्या निवडणुका पाहिलेल्या प्रत्येकाने ऐकावे असे होते.

तिथून पुढचा मंडळीचा इतिहास वर्गात जवळजवळ नव्हताच, आणि मराठी विद्यार्थ्यांसाठी ही मोठी उणीव आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांतील सेवकवर्ग एक करण्यासाठी परस्परांवर हात ठेवण्याचाच मार्ग निवडला गेला, आणि त्याला पुनर्दीक्षा म्हणायचे नाही हेही ठरले होते. हाताचा अर्थ काय आणि काय नाही, हा प्रश्न इथे आपल्याच राज्यात प्रत्यक्ष उभा राहिला होता. कॅथलिक परंपरेबाबतही एवढे सांगता आले असते, की 1439 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने याजकदीक्षेत पात्रे (प्याला व तबक) हाती देण्याला महत्त्व दिले होते, तर 1947 मध्ये पोप पायस बारावे यांनी हात ठेवणे हाच त्या संस्काराचा आवश्यक विधी असल्याचे जाहीर केले. वसईकडील काही कॅथलिक विद्यार्थी वर्गात होते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना ‘तो वेगळा विषय आहे’ असे उत्तर मिळाले, जे मला योग्य वाटले नाही.

व्यवस्थेविषयी थोडेसे. आवाज स्पष्ट होता आणि ध्वनिचित्रण दुसऱ्या दिवशी मिळत असे. टिपणे मात्र अपुरी होती. वचनांचे संदर्भ कित्येक ठिकाणी चुकीचे छापले होते. प्रश्नोत्तरांसाठी ठेवलेली वेळ प्रार्थनेच्या विनंत्यांतच संपे, त्यामुळे शंका लेखी पाठवाव्यात. शिक्षक सविस्तर उत्तर देतात. ज्यांनी कृत्ये आणि लेवीय एकदाही सलग वाचलेले नाही त्यांना वेग जास्त वाटेल. इतरांनी नाव नोंदवावे, शुभवर्तमानांच्या सत्राला येण्यापूर्वी मार्कचा पाचवा व आठवा अध्याय स्वतः वाचून यावे, आणि नागपूरच्या घटनेवर एक जादा सत्र घ्यावे अशी मागणी आयोजकांकडे करावी. मी ती केली आहे.