पाचपैकी पाच बरोबर: एनएफएल ड्राफ्टच्या नावाखाली चालणारी फसवणूक

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग; ड्राफ्टमध्ये तिचे बत्तीस संघ दर एप्रिलला फेरीफेरीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात. एप्रिल जवळ आला की अमेरिकेत फँटसी लीग खेळणाऱ्या, थोडेफार पैसे लावणाऱ्या आपल्या मंडळींना असा निरोप येऊ शकतो: "दादा, पहिल्या फेरीची पूर्ण यादी हातात आहे. आतली बातमी. आत्तापर्यंत पाचपैकी पाच बरोबर आलंय, तू स्वतः बघितलंस. आज ५०० डॉलर, उद्या ८००." निरोप मराठीत, बोलणं घरच्यासारखं. आणि ती पाच भाकितं खरोखर बरोबर ठरलेली असतात. घटना घडायच्या आधी तुम्ही ती तुमच्याच फोनवर वाचलेली असतात. शिकलेली, हिशेबी माणसं पैसे देतात ती यामुळेच. समोर पुरावा असतो. म्हणून हा पुरावा कसा तयार होतो ते आधी सांगतो.

समजा निरोप पाठवणाऱ्याकडे ९६० फोन नंबर आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कंबाइन भरतं, तिथे खेळाडूंची धाव, उडी, ताकद मोजतात. एखादा वेगवान रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, ४० यार्डांचं अंतर ४.४० सेकंदांच्या आत कापेल का? ४८० जणांना जातं "कापेल", उरलेल्या ४८० जणांना "नाही कापणार". निकाल लागला की चुकलेल्या निम्म्यांना पुन्हा एक अक्षरही जात नाही. मार्चच्या मध्यावर फ्री एजन्सी उघडते, म्हणजे करार संपलेले खेळाडू नवा संघ धरू शकतात: अमका क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) जुन्या संघात राहणार की जाणार? २४० जणांना एक उत्तर, २४० जणांना दुसरं. मग एखाद्या कॉलेजचा प्रो डे (कॉलेजातच संघांसमोर होणारी खेळाडूंची चाचणी), मग पहिल्या दहातला एखादा पिक, म्हणजे निवडीची पाळी, ड्राफ्टच्या आधी हात बदलतो का, असे आणखी तीन प्रश्न. ९६०, ४८०, २४०, १२०, ६०, ३०. शेवटी उरलेल्या तीसही जणांच्या फोनवर पाचपैकी पाच बरोबर. प्रत्येकाने ५०० दिले तर १५,००० डॉलर झाले, आणि पाठवणाऱ्याला क्वार्टरबॅक कुठे उभा राहतो हेही माहीत असायची गरज पडली नाही. वगळलेल्या ९३० जणांना आपण यात होतो हेसुद्धा आठवत नाही.

याची एक खूण सुरुवातीलाच दिसते. "आधी माझा नंबर सेव्ह कर, मगच पाठवतो," असा आग्रह असतो. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून गेलेला निरोप ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, आणि पोचल्यावर तो अगदी खाजगी निरोपासारखा दिसतो. आणखी शेकडो जणांना तोच गेलाय हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. दुसरी खूण प्रश्नांतच आहे. पाचही प्रश्न हो की नाही एवढ्याच उत्तराचे असतात. ज्याला खरंच आतलं कळतं तो "आठव्या क्रमांकावर अमका संघ तमक्याला घेईल" असं एकदाच, सगळ्यांसमोर सांगू शकतो. त्याला हो-नाहीच्या जोड्या लागत नाहीत.

दुसरा प्रकार स्क्रीनशॉटचा. एक्सवरचं खातं आधी कुलूपबंद ठेवतात, म्हणजे बाहेरच्याला काही दिसत नाही. ड्राफ्टच्या दोन दिवस आधी त्या बंद खात्यात पहिल्या पाच क्रमांकांसाठी शक्य असतील तेवढ्या सगळ्या जोड्या वेगवेगळ्या पोस्टांत टाकतात. चाळीस, पन्नास, शंभरसुद्धा. गुरुवारी रात्री पहिली फेरी संपली की चुकलेल्या सगळ्या पुसतात, बरोबर आलेल्या चार ठेवतात, आणि कुलूप काढतात. पोस्टवर तारीख मंगळवारचीच दिसते, कारण ती मंगळवारीच टाकली होती. स्क्रीनशॉट खोटा नसतो, म्हणूनच तो पकडता येत नाही. बघायचं ते दुसरंच: त्या पोस्टखाली ड्राफ्टच्या आधीच्या वेळेचं एक तरी उत्तर किंवा शेअर आहे का? कुलूपबंद खात्यावर ते नसतं. टेलिग्राम चॅनेलवर हेच आणखी सोपं, कारण पुसलेल्या निरोपाच्या जागी तिथे काहीच खूण राहत नाही. नव्याने आलेल्याला सरळ बरोबर आलेल्या भाकितांची रांग दिसते.

तिसरा प्रकार शब्दांचा. याला आकडेवारी समजणारी माणसंही बळी पडतात, म्हणून त्यावर जरा थांबतो. "आमचं एआय मॉडेल ९२ टक्के अचूक." कशाबद्दल अचूक? ड्राफ्ट सात फेऱ्यांचा असतो, २०२४ आणि २०२५ मध्ये प्रत्येकी २५७ खेळाडू निवडले गेले. कंबाइनला साधारण सव्वातीनशे जणांना बोलावतात, आणि निवडले जाणारे बहुतेक त्यांच्यातलेच असतात. तेव्हा जाणकारांच्या सरासरी यादीतल्या पहिल्या शंभरांकडे बोट दाखवून "हा निवडला जाईल" म्हणणारा कोणीही नव्वदीच्या पुढे जातो. कुठल्या फेरीत हा प्रश्न त्याहून अवघड. कुठल्या संघाकडे हा सगळ्यांत अवघड. तिन्हींना "भाकीत" हा एकच शब्द वापरला जातो आणि टक्केवारी सोप्या प्रश्नाची लावली जाते.

२०२५ चं उदाहरण घ्या. ट्रॅव्हिस हंटर दुसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलँडला जाईल असं बहुतेक मॉक ड्राफ्ट, म्हणजे आधीच मांडलेल्या अंदाजी याद्या, म्हणत होते. प्रत्यक्षात जॅक्सनव्हिलने पाचव्यावरून दुसऱ्यावर उडी मारली आणि त्याला उचललं. "हंटर दुसरा" हे बरोबर, "हंटर क्लीव्हलँडला" हे चूक. विकणारा दुसऱ्या दिवशी पहिलं वाक्य दाखवतो. त्याने पैसे दुसऱ्या वाक्याचे घेतलेले असतात.

मॉक ड्राफ्टला गुण द्यायची एक रूढ रीत अशी आहे: पहिल्या फेरीत जाणारा खेळाडू ओळखला तर १ गुण, तो बरोबर संघाशी जोडला तर आणखी २. बत्तीस पिकांचे मिळून ९६. या मोजणीत वर्षानुवर्षं हेच काम करणारे लोकही निम्म्याच्या आसपासच घुटमळतात. खेळाडू-संघ जोड्या बत्तीसपैकी आठ-दहा जुळल्या तर ते वर्ष चांगलं गेलं असं मानतात. त्यामुळे "बत्तीसपैकी अठ्ठावीस जोड्या बरोबर" असा दावा दिसला की पुढचं काही वाचायची गरज नाही.

इतकं कमी का जुळतं, हे कळलं तर "आतली बातमी" या शब्दांची भूल पडणार नाही. पहिलं कारण ट्रेड, म्हणजे संघांनी आपसांत केलेली पिकांची अदलाबदल. संघांकडे प्रत्येक पिकाचं मोल मांडणारा तक्ता असतो. डॅलसचा माजी प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्या नावाने ओळखला जाणारा जुना तक्ता पहिल्या पिकाला ३,००० गुण देतो, दुसऱ्याला २,६००, बत्तिसाव्याला ५९०. हा सौदा कित्येकदा घड्याळ चालू असतानाच पक्का होतो. २०२५ पर्यंत पहिल्या फेरीत एका पिकाला १० मिनिटं मिळत होती. एक पिक हलला की खालची सगळी माळ सरकते. दुसरं कारण वैद्यकीय तपासणी. कंबाइनला संघांचे डॉक्टर गुडघे, खांदे, पाठ तपासतात आणि ते अहवाल बाहेर येत नाहीत. तिसरं, संघ मुद्दाम दिशाभूल करतात. प्रत्येक संघाला ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात भेटीला बोलावता येतं, आणि त्यातल्या काही भेटी केवळ इतरांना चकवण्यासाठी असतात.

अंदाज कसे कोसळतात ते बघा. २०२४ च्या मार्चमध्ये अटलांटाने क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला. सहा आठवड्यांनी आठव्या पिकावर त्यांनी मायकेल पेनिक्स हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. २०१६ मध्ये शिकागोला ड्राफ्ट सुरू व्हायला काही मिनिटं असताना लॅरेमी टन्सिलच्या खात्यावर त्याचा गॅस मास्क लावून धूर ओढतानाचा व्हिडिओ झळकला, आणि अगदी वर जाईल म्हणत होते तो तेराव्यावर घसरला. क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सला किती मॉक ड्राफ्टांनी पहिल्या फेरीत बसवलं होतं! तो २०२५ मध्ये पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर गेला. वाट बघत असताना त्याला एका संघाचा जनरल मॅनेजर असल्याची बतावणी करणारा खोटा फोनही आला. त्याचा गुप्त नंबर अटलांटाच्या एका प्रशिक्षकाच्या घरी उघड्या राहिलेल्या आयपॅडवरून त्याच्या मुलाने टिपला होता. लीगने क्लबला अडीच लाख आणि प्रशिक्षकाला एक लाख डॉलर दंड केला. खुद्द सँडर्सला त्या क्षणी फोन खरा की खोटा हे ओळखता आलं नाही, तिथे ग्रुपवरच्या "खात्रीच्या सूत्रा"ची काय कथा.

२०२३ चा प्रसंग तर प्रत्येक नव्या माणसाला सांगावा असा आहे. ड्राफ्टच्याच आठवड्यात रेडिटवर एका निनावी खात्याने लिहिलं की क्वार्टरबॅक विल लेव्हिस घरच्यांना, मित्रांना सांगतोय, कॅरोलायना मला पहिला उचलणार. तो पहिला जाईल यावर एका डॉलरला चाळीस देणारा भाव बघता बघता चार-पाचांवर आला. भाव हलला म्हणजे कोणालातरी काहीतरी कळलं असणार, असं धरून आणखी पैसे लागले. पहिला गेला ब्राइस यंग. लेव्हिस पहिल्या फेरीत नव्हताच; शुक्रवारी तेहेतिसाव्या क्रमांकावर टेनेसीने त्याला घेतलं. भाव हलणं म्हणजे बातमी नव्हे, ती एका पोस्टची सावली असू शकते. विकणारे नेमका हलता भाव दाखवून घाई करतात.

ड्राफ्टच्या रात्री आणखी एक खेळ चालतो. संघाने नाव कळवल्यावर ते व्यासपीठावरून जाहीर व्हायला काही मिनिटं जातात, आणि त्या फटीत पत्रकारांना नाव ठाऊक झालेलं असतं. त्यात तुमचं स्ट्रीमिंग टीव्हीच्याही मागे. "बघ, तीन मिनिटं आधी सांगितलं" यात भाकीत काहीच नाही. हे दाखवून शुक्रवारच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचं पॅकेज विकतात. नामांकित पत्रकाराच्या नावात एक अक्षर बदलून केलेली खातीही त्याच रात्री जागी होतात. निळी टिकली २०२२ च्या नोव्हेंबरपासून पैसे भरून मिळते, तिच्यावर जाऊ नका. हँडल अक्षर-अक्षर वाचा.

आता समजा भाकितं थोडीफार चांगली आहेतच. तरी हिशेब बसतो का ते बघा. नेहमीच्या भावात १०० डॉलर जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणजे बरोबरीत सुटायलाच ५२.४ टक्के बरोबर यावं लागतं. कोणी खरोखर ५५ टक्के देत असेल, आणि ते फार आहे, तर १०० डॉलरच्या एका पैजेमागे सरासरी ५ डॉलर सुटतात. ५०० चं पॅकेज वसूल व्हायला तशा शंभर पैजा. ड्राफ्टवर तितक्या चांगल्या पैजा मिळतच नाहीत, कारण आतली माहिती असलेल्यांना घाबरून स्पोर्ट्सबुकं, म्हणजे पैजा घेणाऱ्या कंपन्या, इथे रकमेच्या मर्यादा खूप कमी ठेवतात. मग तो विकतो का, लावत का नाही, हा साधा प्रश्न त्याला जरूर विचारा.

फुकट ग्रुप असेल तरी सांभाळून. अशा ग्रुपवरच्या लिंकमधून तुम्ही खातं उघडलं की काही ठिकाणी तुमच्या तोट्यातला वाटा ग्रुप चालवणाऱ्याला मिळतो. तुम्ही हरलात की त्याचं भलं. सगळ्यांत वाईट प्रकार परदेशी साइटवर "तुमच्या वतीने आम्ही लावतो" हा. पडद्यावर शिल्लक वाढताना दिसते, काढायला गेलं की "आधी १५ टक्के कर भरा" येतं, भरला की पडताळणी शुल्क. खरा कर तुम्ही सरकारला भरता, साइटला कधीच नाही.

कोणी यादी विकायला आला तर एकच मागा. बुधवारी रात्रीपर्यंत पूर्ण बत्तीस ओळी, क्रमांक, खेळाडू, संघ, उघड्या ग्रुपवर जिथे निदान दहा ओळखीची माणसं आहेत तिथे. सुधारित आवृत्ती चालणार नाही. गुरुवारी पूर्वेच्या वेळेने रात्री आठला ड्राफ्ट सुरू व्हायच्या आधीच्या तासाभरात "फायनल", "फायनल २", "फायनल अपडेट" अशा नऊ याद्या येतात आणि नंतर त्यातली सर्वांत बरी तेवढी दाखवली जाते. जोडीला त्याच दिवशीची कुठलीही फुकट सरासरी यादी जपून ठेवा आणि शुक्रवारी दोन्हींना त्याच ९६ गुणांनी मोजा.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी हालचाल करा. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा दिसली त्यापासून ६० दिवसांच्या आत. झेल (Zelle) या बँकांच्या पैसे पाठवायच्या सेवेने स्वतःहून पाठवलेली रक्कम परत मिळणं फार अवघड, तरी बँकेत नोंद करा. फेडरल ट्रेड कमिशन आणि एफबीआयचं इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटर, दोन्हीकडे ऑनलाइन तक्रार घेतात. निरोप पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा. पैसे भारतातून, भारतातल्या खात्यावर गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं. आणि भारतात बसून हे करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवा की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या २००० सालच्या नियमांत लॉटरी आणि फुटबॉल पूलसाठी परदेशी पैसे पाठवायला मनाई आहे, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केलेत. फसवणाऱ्याला हे ठाऊक असतं. "तक्रार केलीस तर तूच अडकशील" ही धमकी तो इथूनच काढतो. तरीही तक्रार करा.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आणखी एक फोन येऊ शकतो. "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आमची फी २० टक्के, आगाऊ." तुमचं नाव आणि गेलेली रक्कम त्याला बरोबर माहीत असते, कारण ती यादीही विकली जाते. हा फोन आला की कट करा, आणि त्याचा नंबर आधीच्याच तक्रारीत जोडा.