टाक्यांचं इन्फेक्शन: वरचं की आतलं?

तासगावच्या आमच्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत झालं आणि आत्तीचा गुडघा बदलला, दोघांनाही नंतर इन्फेक्शन, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक बघा.

काकांचं वरचं, म्हणजे कातडीपुरतं. आठवड्याभरात टाक्याभोवती लाल, गरम, थोडा पू. डॉक्टरांनी दोन टाके काढून पू मोकळा केला, ड्रेसिंग केलं, बरं झालं. असलं इन्फेक्शन साधारण ३० दिवसांच्या आतच दिसतं.

आत्तीचं आतलं, ते लबाड! वरून जखम चांगली दिसत होती म्हणून आम्ही निवांत, पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं आणि दीड महिन्यानं ताप. आत इम्प्लांट, म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा वगैरे, असला की ९० दिवस, कधी त्याच्याही नंतर त्रास निघू शकतो, कारण जंतू धातूवर चिकट थर करून बसतात आणि तिथं नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, बऱ्याचदा परत उघडून धुवावं लागतं. वर आत्तीला शुगर, त्यानं इन्फेक्शनचा धोका अजूनच वाढतो.

जंतू बऱ्याचदा आपल्याच कातडीवरचे, स्टॅफिलोकोकस वगैरे. काकूनं जखमेवर हळद लावायला काढलेली, मी वाटीच उचलून ठेवली. माझ्या मते पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा, पण पू नसताना दुखणं वाढलं तर जास्त घाबरा.