'कायमेरा' व्हायोलेटचं पान विकत घेऊ नका (उप्सालातला अनुभव, जरा लांब आहे)

मंडळी, परत ऑक्टोबर आलाय, परत तेच विक्रीचे फोटो फिरायला लागलेत आणि आपल्यातल्याच दोघींनी मला विचारलं की अगं हे पट्ट्यापट्ट्यांच्या फुलांचं आफ्रिकन व्हायोलेट, ते 'कायमेरा' म्हणतात ते, त्याचं पान घेऊ का, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. नका घेऊ. म्हणजे व्हायोलेट घ्या, खुशाल घ्या, पण हे असं नको.

इथे नवीन आलेल्यांसाठी सांगते. स्वीडनमधल्या या उप्सालात डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊनंतर कधीतरी उगवतो आणि पावणेतीनच्या आसपास मावळतो, आणि मधला जो दिवस म्हणायचा तोही बहुतेक वेळा राखाडीच. नोव्हेंबर त्याहून वाईट, कारण तेव्हा बर्फसुद्धा नसतो, बर्फ पडला की निदान खालून तरी उजेड येतो. म्हणून इथली माणसं खिडकीला इतकं जपतात, कुठल्याही गल्लीतून चाला, घरोघरी खिडकीत ख्रिसमसआधी लावतात तो अॅडव्हेंटचा तारा आणि त्याच्याखाली ओळीने कुंड्या, पॉइन्सेटिया, हायसिंथ, अॅमरिलिस, ख्रिसमस कॅक्टस. आमच्या मिरजेच्या अंगणात जास्वंद आणि मोगरा कुणी न विचारता फुलायचे त्यामुळे फुलासाठी जीव टाकणं म्हणजे काय हे मला इथे आल्यावर कळलं. जानेवारीत सकाळी आठला काळोखात चहा करताना समोर एक जांभळं फूल दिसलं ना, की दिवस जरा बरा जातो, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आणि या कामाला आफ्रिकन व्हायोलेटसारखं झाड नाही. इथले लोक त्याला सेंटपॉलियाच म्हणतात, टांझानियातल्या उसांबारा डोंगरातलं झाड, १८९२ मध्ये सेंट पॉल नावाच्या एका जर्मन अधिकाऱ्याने तिथून युरोपात पाठवलं आणि त्याचंच नाव चिकटलं. विषुववृत्ताजवळचं झाड म्हणजे त्याला वर्षभर बारा तासांचा दिवस माहीत, आपल्याकडचा सहा तासांचा उजेड त्याला पुरत नाही, अगदी दक्षिणेच्या खिडकीतसुद्धा. पण वीतभर उंचीवर एक एलईडी लावा, टायमरवर बारा-चौदा तास, कोमट पाणी खालच्या बशीतून द्या, की अख्खा हिवाळा फुलतं. पानांवर गार पाणी पडू देऊ नका, चट्टे पडतात. एका शेल्फमध्ये आठ-दहा कुंड्या मावतात. म्हणूनच याचं वेड लागतं आणि म्हणूनच याच्यात पैसे काढणारेही आहेत.

तर झालं काय, झाडांच्या देवाणघेवाणीच्या एका ग्रुपवर एका बाईने फोटो टाकले. पांढरं फूल, पाचही पाकळ्यांवर मधोमध टोकापासून गाभ्यापर्यंत जांभळा पट्टा, प्रत्येक पट्टा अगदी आखल्यासारखा. याला कायमेरा म्हणतात आणि या प्रकाराची फुलं दुकानात सहसा मिळत नाहीत. पान १५० क्रोना, पोस्टेज वेगळं. तेव्हा एका क्रोनाचे (इथलं चलन) साधारण आठ-नऊ रुपये होते, म्हणजे एका पानाला बारा-तेराशे! आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "पानाला? अगं विड्याचं आहे का सोन्याचं?" पण लगेच म्हणाली की लाव, पानापासून येतंय तर पुढे तूच वाटशील सगळ्यांना. तिचंही बरोबरच, जास्वंदीची फांदी लावली की तीच जास्वंद येते हे तिला पन्नास वर्षांपासून माहितेय, आणि व्हायोलेटची बाकीची, साधी एकरंगी, डबल पाकळ्यांची वगैरे, पानापासून बहुतेक जशीच्या तशी येतात, त्यामुळे शंका यायचं काही कारणच नव्हतं. मी चार पानं घेतली, वेगवेगळ्या चार रंगांची. पैसे फोनवरून त्या विकणाऱ्या बाईच्या नंबरवर.

पानं आली मस्त. ओल्या टिश्यूत गुंडाळलेली, देठाला चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात जातीचं नाव, वर एक हृदय काढलेलं. देठ तिरके कापून परलाइट (पांढरे हलके खडे) मिसळलेल्या मातीत खोचले, वर पिशवी घातली, दोन-अडीच महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पानं डोकावायला लागली. ती वेगळी केली, वाढवली, आणि कळ्या यायला पुढचा सप्टेंबर उजाडला.

पहिलं फूल उघडलं ते सपाट जांभळं. म्हणजे पट्ट्याचा रंग होता तोच, पण सगळ्या पाकळीभर. मी भिंग घेऊन बघितलं, पांढऱ्याचा धागाही नाही. दुसरं रोप गुलाबी, नुसतं गुलाबी. तिला फोटो पाठवले तर अतिशय गोड उत्तर, की हो का, अगं तुझ्याकडे उजेड कमी पडला असेल, आपल्या हिवाळ्यात रंग नीट धरत नाहीत, पुढच्या बहराला पट्टे येतील बघ. पुढचा बहर आला, पट्टे नाहीत. मग खत कमी पडलं. मग म्हणे खोली फार गरम ठेवतेस. यातलं खोटं नेमकं कुठे आहे ते पटकन सापडत नाही, कारण गरमीने काही जातींच्या पांढऱ्या कडा कमीजास्त होतात हे खरंच आहे, आणि उजेड कमी पडतो हे तर इथे प्रत्येकाला खरंच वाटतं. अंधारात राहणाऱ्या माणसाला उजेड कमी पडला म्हणून सांगितलं की तो वाद घालत नाही, तो जाऊन अजून एक दिवा विकत आणतो. मीही आणला.

उलगडा केला तो आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या आजींनी. ऐंशीच्या पुढच्या आहेत, स्वयंपाकघराच्या खिडकीत नुसती व्हायोलेटच. मी माझं जांभळं घेऊन गेले आणि फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बघितला, मग माझं रोप बघितलं आणि विचारलं, "पानापासून?" हो म्हटल्यावर हसायलाच लागल्या. मग त्यांनी त्यांच्याकडचं खरं पट्टेवालं काढलं आणि पानं बाजूला करून दाखवलं, दोन पानांच्या बगलेतून एक बारीक फुटवा आला होता, केळीला मुनवा येतो तसा. म्हणाल्या हा काढून लावला तरच पट्टे येतात, नाहीतर फुलाचा दांडा लावायचा, त्याच्यावर दोन चिमुकली पानं असतात त्यांच्या बगलेतून कोंब निघतो. पानापासून जवळजवळ कधीच नाही.

कारण असं की कायमेरा म्हणजे एका झाडात दोन वेगवेगळ्या जनुकांच्या पेशी थरावर थर बसलेल्या असतात, बाहेरचा थर एका रंगाचा, आतला दुसऱ्या. बगलेतल्या कोंबात हे थर आयते तसेच असतात म्हणून तो लावला की पट्टा टिकतो. पान मातीत खोचलं की नवीन रोप मात्र देठाच्या कापाजवळच्या थोड्याशा पेशींतून नव्याने घडतं, तिथे दोन्ही थर एकावर एक तसेच जमून येत नाहीत, म्हणून बहुतेक रोपं एकाच रंगाची निघतात. खरी कायमेरा महाग असते ती यासाठीच, फुटवे मोजकेच येतात आणि हळू येतात. पानं मात्र एका झाडाला वीस-पंचवीस असतात. करा हिशोब.

आता यातला डाव बघा. पान खरंच त्याच झाडाचं होतं. आजींकडून वर घरी आल्यावर मी त्या विकणाऱ्या बाईला सरळ लिहिलं की तुला हे माहीत होतं. तर उत्तर आलं की मी पान विकलं, फूल विकलं नाही, पान फोटोतल्याच झाडाचं आहे. आणि ब्लॉक. इतके महिने गेलेले, पैसे फोनवरून गेलेले, ते परत येत नाहीत. विकणारी खाजगी व्यक्ती म्हणून ऑनलाइन खरेदीचा चौदा दिवसांत परत करायचा हक्क इथे लागूच होत नाही, तो फक्त दुकानांना, आणि ग्राहक तक्रारींचं मंडळही दुकानांविरुद्धच्याच तक्रारी घेतं. ज्या शहरात लिनियसने झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवली त्याच शहरात मला नावाची चिठ्ठी लावून फसवलं, हे आठवलं की अजून राग येतो.

नंतर त्याच ग्रुपवरच्या तिघीजणींशी बोलले, तिघींनाही 'उजेड कमी पडला' हेच उत्तर, शब्दसुद्धा तेच. एकीने तर नवीन दिव्यांवर पानांच्या दुप्पट खर्च केला होता.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी विकणाऱ्याला एवढंच विचारा, फुटव्यापासूनचं आहे की पानापासूनचं. गडबडून जाईल किंवा म्हणेल की काही फरक पडत नाही, तर सोडून द्या. रोप घेत असाल तर फुललेलं घ्या, म्हणजे तेच रोप, फुलावर पट्टे असलेलं, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेला फोटो मागा. खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो. तो फोटोच इंटरनेटवर टाकून आधी कुठे आलाय का ते शोधून बघा, माझ्या केसमध्ये दोन फोटो अमेरिकेतल्या एका प्रदर्शनातले निघाले. युरोपियन युनियनमध्ये २०१९ च्या डिसेंबरपासून ऑनलाइन विकणाऱ्या नर्सऱ्यांना रोपाबरोबर प्लांट पासपोर्ट, म्हणजे रोपाच्या आरोग्याचा दाखला, द्यावा लागतो, लेबलवरच असतो तो, नर्सरी म्हणवून घेणाऱ्याकडे नसेल तर समजा. युनियनबाहेरून स्वस्तात मागवायचा विचार असेल तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं, त्याच्याशिवाय आलेलं पार्सल कस्टममध्येच अडकू शकतं.

आणि जानेवारीत मागवूच नका. शुक्रवारी पाठवलेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्यातरी गोडाऊनमध्ये शून्याखाली पडून राहतं आणि सोमवारी किराणा दुकानाच्या काउंटरवर तुमच्या हातात पडतं तेव्हा पानं उकडलेल्या पालकासारखी झालेली असतात. अगदीच राहवत नसेल तर हीट पॅक (ऊब देणारी पुडी) घालून, सोमवारीच पाठवायला सांगा.

हो, आणि ते सुपरमार्केटमधलं निळं ऑर्किड, तेही राहू द्या. दांड्यातून रंग चढवलेला असतो, पुढच्या वेळी फुलेल ते पांढरं. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणून फसवणूक म्हणता येत नाही, पण माझ्या नवऱ्याने वाढदिवसाला आणलं होतं आणि त्याला अजून वाटतंय की मीच काहीतरी केलं.

त्या बाईंनी आता नाव बदललंय आणि प्रोफाइलवर मांजर आहे. फोटो मात्र जुनेच वापरतात, फक्त डावी-उजवी बाजू उलटवून. मागे हिरव्या टाइल्सची खिडकी, कोपऱ्यात नारिंगी झारी आणि झारीच्या तोंडाला दोरा बांधलेला. तो फोटो कुणाला आला तर पैसे पाठवायच्या आधी मला मेसेज करा, माझ्याकडे तिचे सगळे जुने मेसेज ठेवलेत, स्क्रीनशॉट पाठवते.