छोट्या हाताला पिस्तूल घ्यायचं तर काय बघायचं: नागपूरकर बाईचा लांबलचक रिव्ह्यू

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, वाचायला वेळ नसेल तर इथेच थांबा. मी .32 चं (हे नळीचं माप, इंचात) अशनी नावाचं पिस्तूल घेतलं, माझ्या जाऊबाईंकडे .32 चंच रिव्हॉल्व्हर आहे, आणि दोघींनी आपापल्या हाताप्रमाणे बरोबर घेतलंय असं माझं मत आहे. पण दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा दोघींसमोर एकच डबा उघडला गेला होता, "ताई हे लेडीज मॉडेल आहे, हेच न्या", आणि तिथेच माझं डोकं फिरलं म्हणून हे सगळं लिहून राहिली आहे.

आमचा पेट्रोल पंप आहे, शहराच्या बाहेर, कॅश असते, रात्रीचा हिशोब असतो, त्यामुळे लायसन्स. ज्यांना वाटतं की नागपुरात बाईनं उठून दुकानात जायचं आणि पिस्तूल घेऊन यायचं त्यांनी हे डोक्यातून काढून टाका. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात अर्ज, ग्रामीणला असाल तर कलेक्टर ऑफिस, वय 21 पूर्ण, पोलीस व्हेरिफिकेशन, शस्त्र हाताळायचं ट्रेनिंग केल्याचं सर्टिफिकेट, आणि जीवाला धोका आहे हे नुसतं म्हणून नाही, कागदावर दाखवून. आणि एवढं करूनही मिळेलच असं नाही. माझी मावसबहीण टेक्सासमध्ये राहते, तिकडे सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या माणसाला, कायद्यानं बंदी नसेल तर, परवाना न काढता हँडगन जवळ बाळगता येते. तिला मी आमची फाइल दाखवली तर ती म्हणे अगं एवढ्यात तर आमच्याकडे घर होऊन जातं.

ह्या बहिणीमुळेच माझा सुरुवातीचा अभ्यास सगळा चुलीत गेला म्हणा ना. ती पाठवायची ते व्हिडिओ, छोट्या हाताच्या बायकांसाठी टॉप पाच पिस्तुलं वगैरे. सिग पी 365, ग्लॉक 43, स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड. ईझेड तर मला फार आवडली होती, तिची स्लाइडच, म्हणजे पहिला राउंड (काडतूस) नळीत चढवायला मागे ओढायचा वरचा भाग, मुद्दाम ओढायला सोपी केलेली आहे, 2018 मध्ये .380 मध्ये आली आणि 2020 मध्ये नऊ एमएममध्ये. पण बाप्पा, नऊ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेलं नळीचं माप, साध्या लायसन्सवर मिळतच नाही, आणि बाहेरून नवीन मागवणं सामान्य माणसाच्या हातचं राहिलेलं नाही. जुनी इम्पोर्टेड .32 बाजारात फिरतात, वॉल्थर, बेरेटा, त्यांचे भाव ऐकले की प्लॉट घेतलेला बरा. बेरेटाची टॉमकॅट म्हणून एक आहे तिची नळीच वर उघडते, पहिला राउंड डायरेक्ट नळीत टाकता येतो, स्लाइड ओढायची गरजच नाही, कमजोर मनगटाच्या बाईसाठी याहून भारी डिझाइन मी पाहिलं नाही. पण ते दुसऱ्याच्या तिजोरीत.

तर उरतं काय, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा माल आणि थोडंफार प्रायव्हेट. नागपूरकरांना ऑर्डनन्स फॅक्टरी काही नवीन नाही, अर्ध्या गावाचा कोणी ना कोणी अंबाझरीला लागलेला असतो, पण पिस्तुलं इथे बनत नाहीत, ती कानपूर आणि बंगालमधल्या इशापूरकडची. 2021 मध्ये ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या, त्यात छोटी शस्त्रं कानपूरच्या कंपनीकडे गेली. काडतुसाच्या बुडावर केएफ दिसलं तर ती आपल्या खडकीची.

आता हात. माझं बांगडीचं माप दोन-दोन, आणि आरामात जाते, साबण लावावा लागत नाही. बोटं आखूड, तळवा अरुंद, पण मनगटात जोर आहे कारण लहानपणी कबड्डी आणि नंतर दोन पोरं. जाऊबाईंचा हात माझ्यापेक्षा थोडा मोठा पण अंगठ्याच्या सांध्यात दुखणं, बाटलीचं झाकण उघडायला मुलाला हाक मारतात. म्हणजे "लहान हात" आणि "कमी ताकद" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार, नवरे, दीर, सगळे पुरुष ह्या दोन्ही एकाच पोत्यात भरतात. हे एकदा समजलं की अर्धी निवड तिथेच होऊन जाते.

दुकानातल्या काकांनी काढलेलं लेडीज मॉडेल म्हणजे निर्भीक. 2014 च्या जानेवारीत आलं तेव्हा पेपरात खूप गाजलं होतं, आठवत असेल. दिल्लीच्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून काढलेलं, टायटॅनियम अलॉय, साधारण 500 ग्रॅम, सहा राउंड, तेव्हाची किंमत 1,22,360 रुपये, आणि दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून डब्यात. डब्याचं मला राहून राहून हसू येतं, म्हणजे आम्ही काय वटपौर्णिमेला घालून जाणार आहोत का. पण वस्तूवर बोलू. रिव्हॉल्व्हर म्हणून साधं-सरळ आहे, बिजागरीवर मधून मोडलं, म्हणजे उघडलं, की सहाही घरं समोर, भरलंय की रिकामं हे एका नजरेत कळतं. हलकं आहे हे खरं. पण हलकं म्हणजे बाईसाठी चांगलं हा जो हिशोब आहे तो उचलून बघायच्या वेळेपुरता खरा आहे, चालवायच्या वेळेला उलटा. काडतूस तेच, जोर तोच, मग वजन कमी झालं की झटका हातात जास्त येणार, हे आठवीच्या विज्ञानात आहे. अमेरिकेतही हाच प्रकार, बाई दुकानात आली की तिला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपासचं .38 चं छोटं रिव्हॉल्व्हर पकडवतात, आणि एकदा प्रॅक्टिस करून हात चुरचुरला की ते कपाटात जातं. नशीब आपलं .32 मुळात नरम काडतूस आहे, त्यामुळे निर्भीकचा झटका काही जीव घेत नाही.

माझी अडचण दुसरीच होती. रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, आधी न चढवता ट्रिगर सरळ ओढला, म्हणजे डबल अॅक्शन, तर तो जड आणि लांब असतो, कोणत्याही कंपनीचं असो, कारण त्या एका ओढीत घोडा मागे जायचा असतो आणि सिलेंडरही, म्हणजे राउंडची घरं असलेला गोल भाग, फिरायचा असतो. तो ट्रिगर सुरुवातीला पुढे असतो. माझ्या बोटाचं फक्त टोक तिथे पोचत होतं. मग आपण काय करतो, बोट पोचावं म्हणून नकळत अख्खी पकडच फिरवतो, नळी हाताच्या रेषेत राहत नाही, झटका अंगठ्याच्या सांध्यावर येतो आणि गोळी बाजूला.

हे सगळं मला नेमबाजीच्या क्लबातल्या सरांनी समजावलं, कामठीचे रिटायर्ड सुभेदार आहेत, बोलणं कमी. त्यांनी सांगितलेली टेस्ट इथे देते, कोणत्याही दुकानात करा. आधी शस्त्र रिकामं आहे हे दुकानदारानं बघावं आणि मग तुम्ही स्वतः बघावं, लाज बाळगायची नाही. मग नळी सुरक्षित दिशेला ठेवून अंगठा आणि तर्जनीमधली जी खोबण आहे ती ग्रिपवर शक्य तेवढी वर बसवायची, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत. आता पकड अजिबात न हलवता तर्जनी ट्रिगरवर न्या. पहिल्या पेराची गादी मधोमध बसली तर हात बरोबर. नुसतं नखाकडचं टोक लागलं तर ते शस्त्र तुमच्यासाठी मोठं, मग डब्यावर लेडीज लिहिलेलं असो की अजून काही. त्यानंतर दुकानदाराला विचारून, रिकाम्या शस्त्रावर, सलग सहा वेळा डबल अॅक्शन ओढा. चौथ्या-पाचव्याला नळी थरथरायला लागली की समजा.

अशनी हातात घेतलं तेव्हा ह्या टेस्टमध्ये पहिल्याच फटक्यात बोट जागेवर. चपटं आहे, राउंड एकावर एक एकाच ओळीत बसतात म्हणून ग्रिप बारीक, करंगळीलाही जागा मिळते. वजनाला निर्भीकपेक्षा जास्त, आणि ते मला हवंच होतं. काका म्हणाले, "ताई, पण स्लाइड ओढणं होईल काय तुमच्याकडून, लेडीज लोकायले जमत नाही ना जी." स्लाइड कडक आहे, खोटं कशाला बोलू. ह्या साध्या ब्लोबॅक पिस्तुलात गोळी सुटताना मागचा भाग रोखून धरायला स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं, त्यामुळे स्प्रिंग ताठ ठेवावीच लागते, कॅलिबर लहान म्हणून ओढायला सोपं असा हिशोब नसतो. दोन बोटांच्या चिमटीनं ओढायला गेलात, गुलेल ताणल्यासारखं, तर पहिलवानालाही जड जाईल. सरांची पद्धत अशी की पिस्तूल पोटाजवळ घ्यायचं, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, डाव्या हातानं स्लाइडचा मागचा भाग वरून अख्ख्या मुठीत पकडायचा आणि डावा हात जागेवर ठेवून उजव्या हातानं पिस्तूल पुढे ढकलायचं. खांद्याचा आणि अंगाचा जोर लागतो, बोटांचा नाही. काकांसमोर करून दाखवलं, ते "हाव, जमते की" म्हणाले आणि मग पूर्ण वेळ मला सोडून माझ्या नवऱ्याला वॉरंटी समजावत बसले. दुकानाला त्यामुळे पाचपैकी तीन, माल ओरिजिनल आहे, कागदपत्राला चोख आहेत, चहा चांगला, पण लायसन्स कोणाच्या नावावर आहे तिच्याशी बोला ना भाऊ.

जाऊबाईंचं उलट. स्लाइड त्यांच्या अंगठ्याला झेपणारच नाही हे दोन मिनिटांत दिसलं, बोट मात्र रिव्हॉल्व्हरला व्यवस्थित पोचतं. त्यांनी निर्भीक, साधं मार्क थ्री आणि प्रबल ही तिन्ही रिव्हॉल्व्हर हाताळून पाहिली. प्रबल 2023 च्या ऑगस्टमध्ये आलं, त्याचा सिलेंडर बाजूला उघडतो, रिव्हॉल्व्हर मधून मोडावं लागत नाही, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. त्यांना तेच बसलं. मधून मोडायच्या रिव्हॉल्व्हरला त्यांचा अंगठा दुखत होता, इथे दुखला नाही, बस एवढंच कारण, आणि मला ते पुरेसं वाटतं. खर्चाचं म्हणाल तर ही सगळी लाखाच्या पुढची खरेदी, वरून जीएसटी सगळ्यात वरच्या स्लॅबचा. इशापूरचं निदर म्हणून .22 चं रिव्हॉल्व्हर आहे, अवघं 250 ग्रॅम, स्वस्त पडतं, पण ते एवढं छोटं की माझ्या हातातसुद्धा खेळण्यासारखं, आणि पकडायलाच काही नसेल तर नेम काय धरणार.

एक गोष्ट लक्षात ठेवा, दोन्ही .32 असले तरी रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं, पिस्तुलाचं वेगळं, घरात दोन्ही असतील तर डबे वेगळ्या कप्प्यात. आमच्याकडे दिरांनी एकदा सगळे एकत्र ठेवायचा उत्साह दाखवला होता, जाऊबाईंनी तिथल्या तिथे निस्तरलं.

जवळ कसं बाळगायचं हा खरा त्रासाचा विषय आणि त्यावर कोणी बोलत नाही. आपल्या 2016 च्या आर्म्स रुल्सप्रमाणे बाहेर नेताना शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशा बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. म्हणजे लपवून बाळगणं ही आपल्याकडे चॉइस नाही, नियमच तो. पण ते व्हिडिओतले जीन्सच्या आतले होल्स्टर नागपूरच्या मे महिन्यात घालून दाखवा, 45 डिग्री, कॉटनचा कुर्ता अंगाला चिकटलेला, सगळ्या गावाला आकार दिसतो. मी कुर्त्याखाली कडक बेल्ट लावून कमरेवर होल्स्टर लावते आणि वरून सैल, गडद, प्रिंटेड कुर्ता. प्लेन लिननमध्ये दिसतं, प्रिंटमध्ये नाही. घामासाठी रोज पुसणं आणि हलकं तेल, लोखंडाला उन्हाळा सोडत नाही. पर्समध्ये ठेवणं मला पटत नाही, अॅक्टिवावरून पर्स ओढून नेणारे आपल्या रिंग रोडला काही कमी नाहीत, आणि पर्स टेबलावर ठेवून आपण पाणी आणायला जातो, घरात पोरं असतात. जाऊबाई कारनं जातात, त्यांनी क्रॉस बॅग घेतली, वेगळा कप्पा, आत होल्स्टर शिवलेलं, त्या कप्प्यात दुसरी सेफ्टी पिनसुद्धा जात नाही. होल्स्टरनं ट्रिगर पूर्ण झाकलेला पाहिजे, ह्यात तडजोड नाही. बाजारात मिळणारे ते लिबलिबीत रेक्झिनचे कव्हर असतात ना, दुकानदार फ्री देतात, ते घेऊ नका, बेल्ट आवळला की कव्हर आत ट्रिगरकडे घुसतं. मी चामड्याचं मोजून शिवून घेतलं.

आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं राउंड बसायचं घर, रिकामा ठेवायचा की भरलेला? मी रिकामा ठेवते, पंपाच्या वातावरणात मला तेच बरोबर वाटतं, म्हणूनच स्लाइड ओढता येणं माझ्यासाठी नुसती दुकानातली परीक्षा नव्हती. जिला ती ओढता येत नाही तिनं रिव्हॉल्व्हरच घ्यावं, लोक काही म्हणोत.

बाकी घेतल्यावर लायसन्सवर नोंद करून घ्यायची, लायसन्स आता पाच वर्षांचं असतं, रिन्यूअलची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. लग्नात कोणी "वहिनी एक हवेत होऊन जाऊ द्या" म्हटलं तर त्याला सांगा की शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत जेल किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. आणि निवडणूक जवळ असेल तर खरेदी थोडी पुढे ढकला, आचारसंहितेत बऱ्याच जणांना शस्त्र जमा करायची नोटीस येते, नवीन घेतलेलं तसंच ठाण्यात नेऊन द्यावं लागलं तर प्रॅक्टिस कशानं करणार. जमा करताना पावती घ्या, तिच्यावर शस्त्राचा नंबर नीट उतरवलाय का ते तिथेच उभं राहून वाचा.